मदत हवी आहे: अराइव्ह चेकलिस्टवर पेपर अडकलाय

अडकलेली_पीएचडी:
पेपर परत आलाय. अराइव्ह २.० (प्राण्यांवरच्या प्रयोगांचे पेपर कसे लिहायचे याची गाइडलाइन) ची चेकलिस्ट जोडा आणि 'एक्सपरिमेंटल युनिट स्पष्ट करा' म्हणे. २४ उंदीर, दोन गट, १२-१२. मेथड्समध्ये लिहिलंय की! अजून काय स्पष्ट करू? शुक्रवारपर्यंत द्यायचंय. कुणाकडे भरलेली चेकलिस्ट असेल तर द्या. गाइडलाइन वाचा असं कृपया सांगू नका.

पिंजराबंद:
उंदीर म्हणजे रॅट की माउस? मराठीत दोन्ही उंदीरच. स्ट्रेन, लिंग, वय, वजन? एका पिंजऱ्यात किती? औषध कसं दिलंत?

आकडेमोड्या:
सँपल साइझ (किती जनावरं लागतील ते) जी-पॉवर सॉफ्टवेअरमध्ये काढा. इफेक्ट साइझ (गटांत किती फरक अपेक्षित आहे तो) टाकला की दोन मिनिटांचं काम.

पिंजराबंद:
अहो, प्रयोग संपलाय त्यांचा. आता काढून काय उपयोग?

जुना_खोड:
एवढं काय त्यात? 'यादृच्छिक पद्धतीने गट पाडले' हे वाक्य ठोकून द्या. आम्ही कायम तेच केलं, एकही पेपर अडला नाही.

सूक्ष्मदर्शी:
म्हणूनच ही वेळ आली, काका. २००९ मध्ये २७१ पेपरांची पाहणी झाली. ८७% पेपरांत रँडमायझेशन (यादृच्छिक गट पाडणं) नाही, ८६% मध्ये ब्लाइंडिंग (कोण कुठल्या गटातलं ते तपासणाऱ्याला कळू न देणं) नाही. त्यानंतर २०१० मध्ये अराइव्ह आलं, २० मुद्द्यांचं. २०२० च्या आवृत्तीत त्यातले अत्यावश्यक दहा वेगळे काढले. रँडमायझेशन केलं नसेल तर 'केलं नाही' असं लिहायची सोय आहे त्यात. खोटं कशाला लिहायचं?

जुना_खोड:
'केलं नाही' लिहून पेपर छापून आणून दाखवा, मग बोलू.

मुकी_जनावरं:
मुळात हे प्रयोगच बंद करा.

सूक्ष्मदर्शी:
त्यासाठी वेगळा धागा काढा ना. पण अर्धवट लिहिलेल्या पेपरामुळे तोच प्रयोग पुन्हा होतो आणि पुन्हा तितकीच जनावरं जातात, हेही बघा.

अडकलेली_पीएचडी:
विस्टार रॅट, नर. पिंजऱ्यात चार. औषध पाण्याच्या बाटलीतून. याचा काय संबंध??

पिंजराबंद:
सगळा संबंध तिथेच आहे. बाटली पिंजऱ्याला एक. चौघांत कोण किती प्यायलं ते तुम्हाला ठाऊक नाही, आणि अख्खा पिंजरा एकाच गटात. ज्याला स्वतंत्रपणे औषध देता येतं ते एक्सपरिमेंटल युनिट. म्हणजे तुमचं युनिट पिंजरा, रॅट नव्हे. गटात n (युनिटांची संख्या) १२ नाही, ३ आहे. गॅव्हाजने (नळीने थेट पोटात) प्रत्येकाला वेगळा डोस देऊन एकाच पिंजऱ्यात दोन्ही गट ठेवले असते, तर रॅट धरता आला असता. आता पिंजऱ्याची सरासरी घेऊन विश्लेषण पुन्हा करा, नाहीतर मिक्स्ड मॉडेलमध्ये (एकाच पिंजऱ्यातल्यांचं साम्य धरणारं सांख्यिकी विश्लेषण) पिंजरा घाला. पी व्हॅल्यू हलेल, म्हणजे आता दिसणारा फरक कदाचित टिकणार नाही, तयारी ठेवा.

अडकलेली_पीएचडी:
तीन?! गाइड मला फाडून खातील.

आकडेमोड्या:
म्हणून म्हटलं होतं, जी-पॉवर आधीच वापरायचं.

सूक्ष्मदर्शी:
अजून एक. १२-१२ म्हणालात, सगळे शेवटपर्यंत होते ना?

अडकलेली_पीएचडी:
कंट्रोलमधला एक नवव्या दिवशी गेला. आलेखाखाली n = ११ आहे की. वेगळं लिहायला लागतं का?