सिव्ह ६ : भालेवाले उभे असूनही घोडे घुसतात, मग काउंटर युनिटचा उपयोग काय?

घाटरोड_गेमर
मंडळी, सिव्हिलायझेशन ६ (सिव्ह ६, आळीपाळीनं चाली खेळत आपला देश वाढवायचा कॉम्प्युटर गेम) खेळून राहिलो सध्या, भारत घेऊन. शेजारी घोड्यांच्या रिसोर्सजवळ बार्बेरियन कॅम्प (कोणत्याच देशाचे नसलेल्या लुटारूंचा तळ) आहे त्यामुळे तिथून हॉर्समन (घोडेस्वार) निघतच राहतात. गेममध्ये स्पष्ट लिहिलंय की स्पिअरमनला (भालेवाल्याला) घोडदळाविरुद्ध ताकदीत +१० मिळतात, म्हणून आर्चर (धनुष्यवाले) कमी करून स्पिअरमन काढले. पण घोडे त्यांना जुमानतच नाहीत, एक तर बरोबरीनं भिडतात नाही तर बाजूनं निघून थेट आर्चरवर जातात, शेतं लुटतात. भालेवाला घोड्याला मारतो, घोडा धनुष्यवाल्याला मारतो असं असतं ना यात? मग अँटी-कॅव्हलरी (घोडदळविरोधी) हा प्रकार नेमका कशासाठी ठेवलाय? नागपूर ग्रुपवर बरेच जुने खेळाडू आहेत म्हणून विचारतोय.

षट्कोन
आधी आकडे बघ मग सगळं उलगडेल. स्पिअरमनची ताकद २५, हॉर्समनची ३६. २५ मध्ये १० मिळव, ३५ झाले. म्हणजे बोनस धरूनही तुझा भालेवाला घोड्यापेक्षा एकानं कमीच आहे, तो घोड्याला मारणारा नाहीये, घोड्यासमोर टिकणारा आहे, आणि ६५ प्रॉडक्शनमध्ये (युनिट बनवायचा खर्च) ८० च्या युनिटसमोर टिकतो हा त्याचा फायदा. सिव्ह ६ मध्ये दोन्ही युनिट सारख्या ताकदीचे असले की साधारण ३० डॅमेज दोघांनाही बसतो, प्रत्येकाचे हिट पॉइंट १००, आणि फरक वाढला की डॅमेज भराभर वाढतो. मोकळ्या मैदानात तुझा स्पिअरमन आणि तो हॉर्समन एकमेकांना तीस-तीसनं कापत बसणार.

आता तोच स्पिअरमन टेकडीवर ठेव, +३. दोन टर्न फोर्टिफाय करून (न हलता बचावाला) बसव, +६. झाले ४४. आता घोडा चढून आला तर त्याला चाळीसच्या आसपास बसतात आणि तुझ्या माणसाला वीस-बावीस. अजून एक, सरकारात डिसिप्लिन हे धोरणाचं कार्ड टाक, बार्बेरियनविरुद्ध +५ मिळतात, कोड ऑफ लॉज या अगदी पहिल्या सामाजिक शोधासोबतच येतं ते आणि सुरुवातीला त्याच्यासारखं स्वस्त हत्यार दुसरं नाही.

बर्डीवाला
वरच्या भाऊनं आकडे सांगितले ते बरोबर, पण तुह्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग रायला, घोडे बाजूनं काहून निघतात. त्याचं कारण झोन ऑफ कंट्रोल. साधं पायदळ शत्रूच्या शेजारच्या टाइलवर (नकाशावरच्या घरात) आलं की त्याची चाल तिथंच संपते, पण सिव्ह ६ मधलं घोडदळ, लाइट असो का हेवी, ते झोन मानतच नाही. म्हणजे तू दोन भालेवाले एक टाइल सोडून उभे केले तर पायदळ अडते, घोडा मधून सरळ निघून जाते. अडवायचं असन तर फट ठेवू नको, नाही तर फटीत जंगल, टेकडी, डोंगर, नदी येईल अशी जागा पाह्य. हॉर्समनची चाल ४, टेकडी किंवा जंगल एका टाइलचे २ खाते, टेकडीवर जंगल असन तर ३. मैदानात चार घरं पळणारा घोडा तिथं एक-दोन घरातच थांबते, आणि थांबला की मग तुह्या आर्चरले मारायले टर्न भेटते.

आपल्याच नागपूरचं उदाहरण आहे. १८१७ चा नोव्हेंबर, २६-२७ तारीख, सीताबर्डीची लढाई, आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज. दोन टेकड्या, एक मोठी एक लहान. लहान टेकडी अरब शिपायांनी घेतली तशी मोठीवरचे इंग्रज पार अडचणीत आले कारण तिथून सरळ मारा होत होता. आणि इंग्रजांचं घोडदळ कुठं कामी आलं, तर टेकडीवर नाही, खाली मैदानात, कॅप्टन फिट्झगेराल्डनं तिथं चढाई करून तोफा हिसकल्या. मले वाटते युनिटचा प्रकार जागेशिवाय पाहूच नये. बर्डीवरून जाता-येता ती टेकडी दिसते तवा कोणतं युनिट कुठं बसवलं असतं हेच डोक्यात येते.

वेस्नॉथवाली
मी सिव्ह कमी आणि बॅटल फॉर वेस्नॉथ हा दुसरा युद्धाचा गेम जास्त खेळते, फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतो. दादा तुला जो काउंटर हवाय ना, म्हणजे भाला दिसला की घोड्यानं परत फिरावं, तो तिथे खराखुरा आहे. तिथल्या हॉर्समनचा हल्ला चार्ज प्रकारचा, स्वतः चढाई केली तर देतो तो डॅमेज दुप्पट आणि घेतो तोही दुप्पट. स्पिअरमनकडे फर्स्टस्ट्राइक, म्हणजे हल्ला तू केलास तरी पहिला वार त्याचाच. वर घोड्याला टोचणाऱ्या शस्त्राचा डॅमेज २० टक्के जास्त. हे तिन्ही एकत्र आले की निरोगी स्पिअरमनवर घोडा घालायची हिंमतच होत नाही. आणि स्पिअरमन १४ सोन्याला, हॉर्समन २३ ला. तोच घोडा जादूगारावर, धनुष्यवाल्यावर, दिवसा घातला की एका टर्नमध्ये काम तमाम, कारण हॉर्समनसारख्या लॉफुल प्रकारच्या युनिटला दिवसा २५ टक्के जास्त आणि रात्री तितकंच कमी.

म्हणून मला तरी वाटतं की सिव्ह ६ नं हा प्रकार बोथट करून ठेवलाय. एक +१० दिला आणि सोडून दिलं. भाल्याचं भालेपण कुठे जाणवतच नाही.

षट्कोन
@वेस्नॉथवाली बोथट म्हण हवं तर, पण त्याचं मूळ जुन्या सिव्हमध्ये आहे. सिव्ह ४ (२००५) मध्ये एका टाइलवर कितीही युनिट रचता यायचे आणि हल्ला आला की त्या ढिगातला सगळ्यात योग्य बचाव करणारा आपोआप पुढे यायचा. तिथल्या स्पिअरमनला घोडदळाविरुद्ध +१०० टक्के होते, त्यामुळे ढिगात एक भालेवाला असला की आर्चर, कॅटापल्ट सगळे घोड्यांपासून सुरक्षित. सिव्ह ५ (२०१०) मध्ये षट्कोनी टाइल आल्या आणि एका टाइलवर एकच लढाऊ युनिट असा नियम आला. त्या दिवसापासून भालेवाला फक्त स्वतःच्या घरापुरता राखणदार राहिला, शेजाऱ्याचं रक्षण करायचं तर ते तुला नकाशावर जागा बघून करावं लागतं. मला हे आवडतं, काम वाढलं पण डोकंही जास्त लागतं.

घाटरोड_गेमर
एकदम भारी माहिती सगळ्यांची, टेकडीचं तर आजच करून बघतो. पण मग असं विचारतो, भालेवाला नुसता टिकतोच तर सगळे आर्चरच का काढू नये? त्यांना उलट मार तर बसत नाही.

षट्कोन
बसत नाही ते खरं, पण आर्चरचा नेम २५ चा, ३६ च्या घोड्याला एका बाणात वीसच्या आत-बाहेर जातात. दोघांनी मारले तरी चाळीस. आणि जवळ आला की आर्चरची स्वतःची ताकद १५, घोड्याचा एक वार त्याला सत्तरच्या आसपास, दुसऱ्या वारात संपला. दोन आर्चर आणि टेकडीवर एक भालेवाला हे मिश्रण मला सगळ्यात बरं वाटतं. आर्चर भालेवाल्याच्या अगदी मागे नाही, शहराच्या आत एक आणि मागच्या जंगलात एक.

बर्डीवाला
आणि तू भारत घेऊन खेळून रायला ना, मंग वरू (भारताचा खास लढाऊ हत्ती) काढ ना भाऊ! हॉर्सबॅक रायडिंगचा शोध लागला का भेटते, घोड्याचा रिसोर्स लागत नाही, ताकद ४०, आणि त्याच्या बाजूच्या प्रत्येक शत्रूची ताकद ५ नं उतरते. म्हणजे भालेवाल्याशेजारी हत्ती उभा केला तर तोच ३६ चा घोडा ३१ चा होते, आणि तुहा ३५ तसाच. महाग आहे, चाल बी २ च, पण बचावाले त्याच्यासारखं काही नाही.

फक्त तो हत्ती घेऊन कॅम्पवर सरळ जाऊ नको. कॅम्पची राखण बहुतेक येळा स्पिअरमनच करते, आणि हत्ती घोडदळातच मोडते, म्हणजे +१० तुह्याच विरुद्ध लागतीन. तिथं वॉरियर (सुरुवातीचं साधं पायदळ) धाड, त्याले भालेवाल्याविरुद्ध बोनस आहे. आधी आर्चरनं राखणदार अर्धा करायचा, मंग वॉरियर आत घालायचा, कॅम्प मोडला का सोनं बी भेटते आणि घोडे निघणं बी बंद. जुने वॉरियर डिलीट नको करू म्हणजे झालं.