कोरल हातात बसलंय, तरी डिझायनर का नाही?

खडेबाजारचा पोरगा:
बेळगावात फ्लेक्सच्या दुकानात चार वर्षं काढली. कोरल, फोटोशॉप झोपेतसुद्धा चालवतो. वाढदिवसाचा बोर्ड वीस मिनिटांत, तोही पंधरा कार्यकर्त्यांचे फोटो कापून. परवा पुण्यात मुलाखत झाली. माझी कामं बघून बाईंनी एवढंच विचारलं, "दुकानाच्या नावापेक्षा फोन नंबर मोठा का?" मी म्हटलं, मालकानं सांगितलं म्हणून. त्या म्हणाल्या, ऑपरेटर म्हणून या. एवढा काय फरक असतो ओ? मिठाईच्या दुकानाची नवी पाटी केली, तिचा फोटो टाकलाय.

टिळकवाडी ७:
फरक पगाराचा. इलस्ट्रेटर सॉफ्टवेअर शीक, विषय संपला.

ब्रशवाला, शहापूर:
इलस्ट्रेटरनं काय होणार? मी तीस वर्षं ब्रशनं पाट्या रंगवल्या. फ्लेक्स आला, धंदा बसला, तेव्हा पन्नाशीत माऊस धरला. आजही अक्षरांचे आकार करणारा कंट्रोल क्यू सोडला तर कोरलचा एक शॉर्टकट पाठ नाही. तरी लोक येतात.

तुझी पाटी बघितली. वरती साठ टक्के कन्नड, कर्नाटकच्या भाषा कायद्यातल्या २०२४ च्या दुरुस्तीप्रमाणे. ते ठीक. पण जागा भरायला कन्नड नाव धरून ताणलंस आणि मराठी उरलेल्या पट्टीत चेपलंस. देवनागरी वरून दाबली की काने तेवढेच जाड राहतात, शिरोरेषा मात्र दोऱ्यासारखी होते. लांबून नुसत्या दांड्या दिसतात. त्यात कन्नड 'स्वीट्स'मधला व हा स च्या पायाखाली लोंबतो. तो थेट तुझ्या 'मिठाई'च्या वेलांटीवर बसलाय! कोरल याला चूक म्हणणार नाही. त्याच्या लेखी दोन्ही ऑब्जेक्ट जागच्या जागी आहेत.

आम्ही रंगाचा डबा उघडायच्या आधी रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहायचो. दहा फुटांना एक इंच अक्षर, हा आमचा ठोकताळा. पन्नास फुटांवरून वाचायचं तर पाच इंच. तू कुंदा, करदंट, चिवडा अशी सगळी यादी दीड इंचात घातलीस. ती वाचता येईल इतका जवळ आलेला माणूस दुकानाच्या पायरीवर असतो, त्याला काचेतून कुंदाच दिसतो की! आणि मालकाला विचार, बोर्ड बघून आजवर किती फोन आले?

निपाणीकर:
काका, पटतंय. पण आम्हाला पैसे चौरस फुटाला मिळतात, विचाराला नाही. गणपतीत रात्री दोनला दारात रांग असते, तेव्हा कोण रस्त्यापलीकडं जाणार?

ब्रशवाला, शहापूर:
खरं आहे. वाढदिवसाच्या बोर्डावर डोकं घालवूच नका, तो चार दिवसांत उतरतो. दुकानाची पाटी मालक दहा वर्षं बघतो.

खडेबाजारचा पोरगा:
काका, सकाळी पलीकडं उभा राहिलो. 'मठाई' वाचलं. मालकाला यादीचं विचारलं, तर म्हणाले कुंदा तेवढा राहू दे, बाकीचं काढ. नंबरावर मात्र अडून बसलेत, त्यांच्या मुलाचा लकी नंबर आहे म्हणे. पण न ताणता कन्नडनं जागा कशी भरायची?

ब्रशवाला, शहापूर:
मुळात रुंद वळणाचा ठळक फाँट घे. मराठी-इंग्रजी खाली एकाच ओळीत आण, मध्ये चार बोटं जागा सोड. लकी नंबर शटरवर टाक. शटर पाडल्यावरच फोन करायची वेळ येते, मालकाला असंच सांग.