शब्दचर्चा : ‘आशा धरणे’ आणि ‘जिवाचा नांगर’

प्रश्न : ईस्टरच्या दिवसांत आमच्या मंडळीत बायबलच्या नव्या करारातील इब्री लोकांस पत्राचा सहावा अध्याय वाचला गेला. तेथे आशेला जिवाचा नांगर म्हटले आहे. आमचे गाव अहिल्यानगर जिल्ह्यात असल्यामुळे पुष्कळांच्या डोळ्यांपुढे बैलांचा नांगर उभा राहिला. येथे कोणता नांगर समजावा?

उत्तर : गलबताचा. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ तोच आहे. मराठीत मात्र दोन्ही वस्तूंना एकच नाव आहे : शेतीचा नांगर संस्कृत ‘लांगल’ या शब्दाशी जोडलेला, तर जहाजाच्या नांगराला फारसीत ‘लंगर’ म्हणतात. रोममधील भुयारी दफनभूमींत आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी आपल्या माणसांच्या थडग्यांवर नांगराची आकृती कोरलेली आढळते, आणि तीही गलबताच्याच नांगराची आहे.

पण खरी अडचण ‘आशा’ या शब्दातच आहे, असे मला वाटते. आपल्याकडे आशा वेडी असते, भाबडी असते. दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहणारा तो आशाळभूत. एका प्रसिद्ध संस्कृत सुभाषितात तर आशा ही अशी अजब बेडी म्हटली आहे, की जिने बांधलेली माणसे धावत सुटतात आणि जिच्यातून सुटलेली पांगळ्यासारखी एका जागी राहतात. पत्रकर्ता नेमके याच्या उलट सांगतो : ज्याला ही आशा आहे तो वादळात जागचा हलत नाही. म्हणून क्रियापदाकडे लक्ष द्यावे. आशा ‘लावतो’ किंवा ‘दाखवतो’ तो दुसरा, आणि तेथे फसवणुकीला वाव असतो. आशा ‘धरतो’ ते मात्र आपण, जसा दोर धरावा तशी.

उत्तनच्या किनाऱ्यावर भरतीच्या वेळी नांगरलेल्या होड्या मी पुष्कळ वेळा पाहिल्या आहेत. नांगर पाण्याखाली चिखलात रुतलेला असतो, तो कोणालाच दिसत नाही. दिसतो तो फक्त ताणलेला दोर, आणि त्या ताणावरूनच नांगर धरला आहे हे कळते. याच पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वास म्हणजे न दिसणाऱ्या गोष्टींची खातरी असे म्हटले आहे, त्याचा अर्थ मला पुस्तकापेक्षा त्या दोराने अधिक नीट समजावला. फरक एवढाच, की सहाव्या अध्यायातला आशेचा हा नांगर तळाशी न जाता पडद्याच्या आत, म्हणजे यहुदी मंदिराच्या सर्वांत आतल्या परमपवित्र स्थानी पोहोचतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात आपण वाचतो, की येशूने प्राण सोडला तेव्हा मंदिराचा तो पडदा वरपासून खालपर्यंत फाटला. हे दोन्ही उतारे ईस्टरच्या काळात शेजारी ठेवून वाचावेत.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. तरी एक विचारतो : आमच्या वृद्ध शेतकऱ्यांनी नांगराचा अर्थ औताचाच घेतला आणि गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेल्याशिवाय पीक देत नाही, हे प्रभूचे वचन त्याला जोडले. त्यांना चूक म्हणावे काय?

उत्तर : इब्री पत्रातल्या त्या ओवीचा अर्थ म्हणून ते चूक आहे, आणि तसे आदराने सांगावे. परंतु ते वचन योहानाच्या बाराव्या अध्यायातले, वधस्तंभाच्या अगदी तोंडावरचे आहे. पुढच्या रविवारी तोच अध्याय वाचायला घ्यावा आणि त्या वृद्धांनाच त्यावर बोलू द्यावे.