योसेफाची गोष्ट लेकरांना कशी सांगता? (अनुभव धागा)

परतूरची ताई
कोठीत ज्वारी ओतायचा आवाज आला की मला बायबलमधला योसेफच आठवतो (भावांनी विकलेला, पुढं मिसरात धान्य साठवून दुष्काळात लोकांना जगवणारा आणि भावांना माफ करणारा), म्हणून धागा काढते. संडे स्कूलला उत्पत्ती (बायबलचं पहिलं पुस्तक) अध्याय 37 ते 50 एकाच रविवारी उरकायला बघतात. निम्मा तास बापानं योसेफाला दिलेला झगा रंगवण्यात जातो आणि माफीपर्यंत पोचेस्तोवर घंटा होते. चार रविवार धरा. पहिल्यात झगा, स्वप्नं आणि भावांनी टाकलं तो कोरडा आड, दुसऱ्यात मिसर आणि तुरुंग, तिसऱ्यात दुष्काळ आणि धान्यासाठी भावांच्या दोन खेपा. चौथा पूर्ण भावांना योसेफाची ओळख पटण्यासाठी मोकळा ठेवायचा. 38वा अध्याय वगळायचा. पोटीफर म्हणजे योसेफाचा मिसरातला मालक, त्याच्या बायकोचं लहानांना "खोटा आळ घेतला" एवढंच पुरे. तुम्ही कसं करता? बारीकसारीक लिहा.

गेवराईकर
दुष्काळासाठी पाच वाट्या ज्वारी घ्या. चार लेकरांत वाटायच्या, पाचवी डब्यात. असं सात वेळा, सुकाळाच्या सात वर्षांसाठी. 41:34 (अध्याय 41, वचन 34) मधला पाचवा हिस्सा तो हाच. मग डबा उघडून वाटीवाटीने काढायला लावा, तेवढ्यात सगळं कळतं. मोठी लेकरं हिशोब घालतात की सात वाट्या सात वर्षं कशा पुरतील. सांगायचं, सुकाळाचं पीक रग्गड होतं, योसेफानं मोजणंच सोडून दिलं असं 41:49 मध्ये आहे.

लातूरवाला
आमच्याकडं हा भाग समजवावा लागत नाही. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. लेकरांना म्हणायचं, घरी आईला विचारून या, तेव्हा हंडे कसे भरायचे. पुढच्या रविवारी तीच सांगत येतात.

बीडची काकू
ती ज्वारी नंतर तशीच डब्यात ठेवू नका, सोंडे होतात. कडक उन्हात वाळवून कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला. ओला पाला घातला की बुरशी धरते.

परतूरची ताई
काकू, बरं झालं सांगितलं. मागची वाट्यांतली ज्वारी बघते आजच 🙏

जालन्याहून
माफीचं बोलू या. योसेफ 17 वर्षांचा असताना विकला गेला, फारोपुढं (मिसरच्या राजापुढं) उभा राहिला तेव्हा 30चा. सात सुकाळाची, दोन दुष्काळाची वर्षं धरली तर ओळख दिली तेव्हा साधारण 39, म्हणजे 22 वर्षं गेली. फळ्यावर आडवी रेघ मारून हे आकडे लिहाच. नाहीतर लेकरांना वाटतं की सकाळी विकला आणि संध्याकाळी गळ्यात पडला. आणि तो लगेच माफ करत नाही, आधी पारखतो. शिमोन या भावाला अडकवून ठेवतो, धाकट्या भावाच्या, बन्यामीनाच्या गोणीत चांदीचा प्याला लपवतो. 37व्या अध्यायात "विकून टाकू" म्हणणारा भाऊ यहूदाच 44:33 ला म्हणतो की पोराच्या जागी मला गुलाम ठेवा. हे दोन यहूदा शेजारी शेजारी ठेवले नाहीत तर माफीचा अर्थच लागत नाही. बहुतेक चित्रांच्या पुस्तकांत यहूदा गाळलेला असतो, हे मला फार खटकतं.

उदगीर, शिक्षिका
👆 अगदी. याच्यात एक जपा. घरी मार खाणाऱ्या लेकराला "योसेफानं केलं, तूही कर माफ" म्हणू नका. भाऊ समोर आले तेव्हा योसेफाच्या हातात सत्ता होती, त्याला कुणाचं भय नव्हतं. भ्यालेल्या लेकराला आधी सुरक्षित मोठं माणूस लागतं. वर्गात हात धरून "सॉरी म्हण" करायला लावलं तर दोघंही फक्त मान खाली घालतात.

अंबाजोगाई
नाटक करताना जे लेकरू एरवी चिडवलं जातं त्याला योसेफ देऊ नका. आठवडाभर "आडात टाका" सुरू होतं. आड म्हणून जमिनीवर चादर पुरे, टाकी-हौद अजिबात नको. दुसऱ्या खेपेत भूमिका बदला, आडात टाकणारा आता गोणीत प्याला सापडणारा. प्याला म्हणजे स्टीलचा पेला, गोणीच्या तळाशी वाजेल असा.

गेवराईकर
आईबापांच्या बैठकीत याकोबाबद्दल, म्हणजे योसेफाच्या बापाबद्दल बोला. झगा एकालाच दिला, तिथून भांडण. पुढं 43:34 ला बन्यामीनाला पाचपट वाढलं तरी कोणी कुरकुरलं नाही. भाऊ बदलले ते तिथं दिसतं.

सेलूची आजी
झग्याला नवं कापड कशाला, जुन्या साड्यांचे काठ जोडा. लहान लेकराला वीतभर रुंदीच्या पाच-सहा पट्ट्या पुरतात. मागून नाडी लावा, बटण नको, घाईत तुटतं.

परतूरची ताई
आजी, काठ उसवताना दोरा धरून हळू ओढायचा का?

सेलूची आजी
नाही गं, ब्लेडनं चार टाके सोडून एक कापायचा. मग उलट्या बाजूनं दोरा ओढला की पूर्ण रांग निघते. आणि शेवटच्या रविवारी 45:24 विसरू नको, घरी पाठवताना योसेफ भावांना म्हणतो की वाटेत भांडू नका. लेकरं चप्पल घालताना तेच म्हणून घ्यायचं, दारातच.