पिसांवरून आहार ठरवताना
समुद्री पक्ष्यांचे नर आणि माद्या वेगळा आहार घेतात, असं कुणी फक्त पिसांतल्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू, ज्यांच्या प्रमाणावरून आहाराचा अंदाज बांधतात) मांडलं, तर तिथे जरा थांबायला हवं. पीस पूर्ण वाढलं की त्यातली नोंद गोठते. ती पिसं बदलण्याच्या काळातली असते, पिल्लं वाढवतानाची नव्हे. त्यासाठी रक्त घ्या: प्लाझ्मा काही दिवसांचा, तांबड्या पेशी काही आठवड्यांचा आहार सांगतात.

शिवाय दक्षिण महासागरात दक्षिणेकडे जाताना कार्बन-१३ या जड समस्थानिकाचं प्रमाण मुळातच घटतं. वाँडरिंग अल्बाट्रॉस या मोठ्या समुद्री पक्ष्याचे नर सुमारे २० टक्के जड आणि जास्त दक्षिणेला जाणारे. माद्या उत्तरेच्या कोमट पाण्यात. म्हणजे आकडे वेगळे आले तरी भक्ष्य वेगळं असेलच असं नाही, सोबत जीपीएस हवाच. त्याच उत्तरेकडच्या पाण्यात ट्यूना मासे पकडणाऱ्या लाँगलाइन बोटी (लांबच लांब दोरीला अनेक गळ लावून मासेमारी करणाऱ्या) असतात आणि गळाला माद्या जास्त अडकतात. मला यातली हीच बाब सर्वांत गंभीर वाटते.