कमरेचा पट्टा : तुमचे अनुभव सांगा

माळा_आवरणारी
दिवाळीची साफसफाई म्हणून परवा माळा काढला. कुकरच्या जुन्या शिट्ट्या आणि मुलाची पहिलीतली वॉटरबॅग यांच्यामागून माझा पट्टा निघाला. बिस्किटी रंगाचा, मागे चार स्टीलच्या पट्ट्या. वेल्क्रोला केस, दोरे, गाउनचे धागे अजून चिकटलेले. उघडला तर तोच चर्रर्र आवाज आला आणि पोटात गोळाच आला.

२०१६. डोंबिवली-सीएसटी रोजचं. पाण्याचं पिंप सरकवताना कमरेत चमक भरली. शेजारच्या काकूंनी त्यांचा पट्टा दिला, बांधला आणि खरंच बरं वाटलं. मग मेडिकलमधून स्वतःचा आणला, कोणाला न विचारता. सकाळी साडेसहाला बांधायचा, रात्री भांडी झाली की सोडायचा. दुखलं की अजून बोटभर आवळायचा. असे आठ महिने.

मग डावी चप्पल निसटायला लागली. म्हटलं सैल झाली असेल, नवी घेतली. तीही निसटायची. जिना चढताना अंगठा पायरीला अडकायचा. एक दिवस मुलगा म्हणाला, आई, तू चालताना फट्‌फट् आवाज का करतेस? तेव्हा गेले दाखवायला. डॉक्टर म्हणाले टाचांवर चालून दाखवा, तर डावा पंजा वर उचललाच जाईना. एमआरआयमध्ये कमरेच्या एल-४ एल-५ मणक्यांमधली गादी सरकून नस दाबली गेलेली निघाली. गंमत म्हणजे शेवटच्या दोन महिन्यांत दुखणं कमी झालं होतं. मी खूश, आणि तिकडे पाय निकामी होत चालला होता. ऑपरेशन झालं, पंजा बराचसा परत आला, डावा अंगठा अजून पूर्ण उचलत नाही.

लिहा तुम्हीपण. पट्ट्याने बरं वाटलं असेल तर तेही लिहा. आणि डॉक्टरकडे कधी गेलात, नेमकं काय झाल्यावर गेलात, ते नक्की.

खमंग_थालीपीठ
लग्नात सासूबाईंनी कमरपट्टा कबूल करून घातला नाही. बावीस वर्षांनी हाडांच्या डॉक्टरांनी घातला. सोन्याचा नाही, पण माप घेऊन 😄
अंगठ्याचं वाचून वाईट वाटलं गं.

तीनचाकी
मी तीन आठवडे उलटा घातला होता. वरची बाजू खाली. बसलं की बरगड्यांत घुसायचा, ऑफिसात सगळे म्हणायचे काय ताठ बसतोस हल्ली. फिजिओवाली बाई बघून हसायलाच लागली. खालची कड पार माकडहाडापर्यंत यायला हवी म्हणे. आणि आत तळहात सरकेल इतकाच आवळायचा, मी तर गाढवावर ओझं बांधल्यासारखा आवळायचो. पातळ बनियनवरून बांधा, नाहीतर उन्हाळ्यात कमरेला घामोळ्यांची माळ.

नदीकाठ
धागा बरा वेळेवर आला. बाबांसाठी पट्टा बघतोय. वय ६६. दोन-अडीच महिने पाठ दुखतेय, खांद्यांच्या खाली, मधोमध. रात्री जास्त. नऊशेचा एक आणला पण सैल होतोय, बाबा बारीक झालेत म्हणून असेल. कुठल्या कंपनीचा चांगला?

गुळाचा_टेंपो
राम राम मंडळी. कोल्हापूर. स्वतःचा टेंपो हाय, गूळ वाहतो. दोन वर्सं पट्टा बांधला, झोपताना बी. सोडला की कंबरच सुटल्यागत वाटायचं. डॉक्टर म्हणाले, पट्ट्यानं तुमचं काम केलं आणि पोटापाठीचे स्नायू बसून खाऊ लागले. रोज थोडा थोडा वेळ कमी करत सोडायला लावला, जोडीला व्यायाम. आणि मागच्या खिशातलं पाकीट काढा म्हणाले. एवढं जाड पाकीट घेऊन दहा तास तिरकं बसायचो ओ. निम्मं दुखणं तिथंच गेलं की.

खमंग_थालीपीठ
पाकीट जाड होतं म्हणजे धंदा बरा चाललाय 😀

गुळाचा_टेंपो
पैसे कुठले वहिनी, पेट्रोल पंपाच्या पावत्या सगळ्या.

कोकणकडा
पट्टे कसले घेऊन बसलात. आमच्याकडे उसण भरली की पायाळू माणसाकडे जायचं. पालथं झोपायचं, तो कमरेला पाय लावतो, की झालं.

पावसाळी_ढग
कोकणकडा, मी स्वतः पायाळू आहे!! मे महिन्यात आजोळी गेलं की अख्खी वाडी रांगेत. एका लाथेला आठ आणे. मास्तरांना लाथ मारायची संधी एकदा आली, जन्माचं सार्थक. वीज कडाडली की मात्र आजी मला घरात कोंडायची, पायाळूवर वीज पडते म्हणून.
पण एक सांगते. एका काकांना असाच पाय लावला, ते आदल्या दिवशी आंब्यावरून पडले होते. मणका फ्रॅक्चर होता ते नंतर कळलं. मी नऊ वर्षांची, अगदी हलका पाय लावला होता, तरी अजून आठवलं की अंगावर काटा येतो. पडल्यानंतर दुखत असेल तर आधी एक्सरे. लाथ नको, पट्टा नको, काही नको.

कोकणकडा
बापरे. हे मान्य. आजोळ कुठलं तुझं?

पावसाळी_ढग
देवरुखजवळ.

कोकणकडा
अरे मी संगमेश्वरचा! व्यक्तिगत निरोप करतो.

ऑर्थोवाली
मी याच विषयातली डॉक्टर. नदीकाठ, कंपनी राहू द्या बाजूला. बाबांना संध्याकाळी ताप, कणकण असते का? भूक कशी आहे? पूर्वी कॅन्सर, टीबी असं काही? रात्री कूस बदलल्यावर बरं वाटतं की कसंही झोपलं तरी ठणकतं?

नदीकाठ
कणकण असते हो, संध्याकाळची. आम्हाला वाटलं हवा बदलतेय. जेवण निम्म्यावर आलंय. कसंही झोपले तरी दुखतं म्हणतात, पहाटे उठून खुर्चीत बसतात. कॅन्सर टीबी नाही. साखर आहे.

ऑर्थोवाली
मग उद्याच न्या. "पट्टा लावून बघू आठवडाभर" हे नको. घाबरवत नाहीये, पण रात्रीचं दुखणं, ताप आणि उतरलेलं वजन एकत्र आलं की ती साधी उसण नसते, कारण शोधावंच लागतं. रक्ताच्या तपासण्या आणि एक्सरे तर होतीलच, बहुधा एमआरआयही सांगतील. पाय लटपटतात का तेही बघा.

नदीकाठ
ठीक. उद्या सकाळी नेतो.

भाकरतुकडा
माझा अनुभव हास्यास्पद आहे. उजव्या बाजूला कंबर धरली म्हणून पट्टा बांधून रात्रभर घरात येरझाऱ्या. कळ यायची की आवळायचो, गेली की सैल करायचो. सकाळी लघवीला लाल झाली तेव्हा ट्यूब पेटली, मुतखडा. सोनोग्राफीवाला म्हणाला पट्टा काढा आधी.

खमंग_थालीपीठ
🤣🤣 कुळथाचं पिठलं खा

भाकरतुकडा
खातोय ताई, चार वर्षं खातोय. कुळीथ संपला, खडा आहे.

गोदाम_नं_नऊ
भिवंडीला गोदामात सुपरवायझर होतो. मालकाने सगळ्यांना पट्टे वाटले, रांगेत उभं करून फोटो. महिनाभरात काय झालं, जे खोकं दोघं मिळून उचलायचे ते एकेकटा उचलायला लागला. का रे? तर "पट्टा आहे ना साहेब". तीन जण आडवे झाले त्या सीझनला.
नंतर सेफ्टीच्या कोर्सला कळलं की अमेरिकेत नायॉश नावाची सरकारी संस्था आहे, तिने १९९४ सालीच सांगितलं होतं, धडधाकट कामगाराला पट्टा बांधून इजा टळते याला पुरावा नाही. पुढे तिथल्याच नऊ हजारांवर दुकान-कामगारांचा अभ्यास झाला, २००० साली छापून आला. पट्टा बांधणारे आणि न बांधणारे, पाठदुखीत काही फरक नाही.
माझा आजा मार्केट यार्डात हमाल. शंभर किलोचं पोतं, कमरेला उपरणं आवळून. त्याला विचारलं असतं तर त्याने हेच सांगितलं असतं. तो म्हणायचा, उपरणं पाठीसाठी नाही रे, धोतर सुटू नये म्हणून.

तीनचाकी
धोतर 👌👌

सायली_शाईपेन
कोणी सांगेल का, सिझरनंतर पोटाला बांधतात तो आणि हा एकच का? जाऊबाईंचा पडून आहे. अर्धवट लिहितेय, बाळ उठलं

ऑर्थोवाली
सायली, नाही. तो नुसता इलॅस्टिकचा, टाक्यांना आधार म्हणून. यात मागे पट्ट्या असतात आणि माप तुमचं लागतं, जाऊबाईंचं नाही. बाळंतपणानंतर कंबर दुखत असेल तर आधी बाळाला पाजताना कशा बसता ते बघा, पाठीमागे उशी घ्या.

अबोली_वेणी
आईच्या उजव्या कमरेत आग आग व्हायची, हात लावू द्यायची नाही. तरी आम्ही पट्टा बांधला. चौथ्या दिवशी पट्ट्याखाली पुरळ दिसलं. घामोळं समजून पावडर. मग नीट बघितलं तर मणक्यापासून बेंबीपर्यंत एकाच बाजूला, पाण्याने भरलेले फोड. नागीण! शेजारणीने गेरू आणला, दोन्ही तोंडं मिळाली तर माणूस जातो वगैरे सुरू झालं. डॉक्टर म्हणाले गेरू राहू दे, पुरळ आल्यापासून तीन दिवसांत औषध सुरू झालं असतं तर बरं होतं. आम्ही सहाव्या दिवशी गेलो. फोड सुकले, आग अजून आहे. साडी नेसली तरी टोचते म्हणते, गाउनवरच असते.

माळा_आवरणारी
अबोली, हे माहीतच नव्हतं. काकूंना नमस्कार सांग.

नाव_नको
बरीच वर्षं नुसता वाचतो, लिहितोय पहिल्यांदा. कंबरदुखी जुनी, पट्टा कपाटात कायम. एका रविवारी दोन्ही पायांत कळ उतरली. पट्टा बांधला, गोळी घेतली. सोमवारी रिक्षात बसलो तर खाली सीट आहे की नाही तेच कळेना. दाताचं इंजेक्शन दिल्यावर ओठ होतो तसं बसायच्या जागी झालं होतं. लघवीला उभा राहिलो तर सुरू होईना, आणि भरल्याचंही कळत नव्हतं. लाज वाटली. बायकोला नाही सांगितलं. संध्याकाळी साडू सिव्हिलला ब्रदर (नर्स) आहे त्याला सहज म्हणून फोन केला. तो म्हणाला कपडे घाल, मी निघालोय.
त्याच रात्री ऑपरेशन झालं. सर्जन म्हणाले यात तास मोजायचे असतात, दिवस नाही. आज चालतो, नोकरी करतो. लघवीला मात्र घड्याळ लावून जावं लागतं.

माळा_आवरणारी
दादा, लिहिलंत ते फार बरं केलंत.

गुळाचा_टेंपो
साडू असावा तर असा.

ऑर्थोवाली
नाव_नको यांनी लिहिलंय ते परत वाचा सगळ्यांनी. बसायची जागा बधिर, लघवी-शौचाचं भान जाणं, दोन्ही पायांतली ताकद कमी होणं, यातलं एक जरी असलं तरी थेट मोठ्या दवाखान्याच्या इमर्जन्सीला, मध्यरात्र असली तरी. ओपीडीची अपॉइंटमेंट घेत बसायचं नाही. माळा_आवरणारी यांच्यासारखा पंजा पडत असेल तर त्याच दिवशी दाखवा.
बाकी साधी उसण बहुतेकांची चार-सहा आठवड्यांत उतरते. पट्टा बांधाच असं नाही. बांधलाच तर प्रवासाला, ओट्याशी उभं राहायच्या वेळेपुरता, झोपताना काढून. अंथरूण धरण्यापेक्षा घरातल्या घरात चाललेलं बरं. हर्निया, बीपी असेल तर विचारल्याशिवाय आवळू नका.

कोकणकडा
कापसाची गादी बरी की कॉयर?

तीनचाकी
गादीचा वेगळा धागा आहे, तिथे दोनशे प्रतिसाद होऊन भांडण झालंय. इथे नको 🙏

सायली_शाईपेन
बाळ झोपलं. पाठीमागे उशी घेतली, फरक आहे! थालीपीठ ताई, भाजणीचं प्रमाण लिहिणार होतीस ना मागच्या धाग्यात?

खमंग_थालीपीठ
टाकते गं. चकल्या तळून होऊ देत, दोन तास उभी आहे, पट्टा लावून 😄

नदीकाठ
तीन आठवड्यांनी येतोय, माफ करा. बाबांच्या मणक्याचा टीबी निघाला. एमआरआयमध्ये दोन मणके खराब, शेजारी पू. सुईने नमुना घेऊन तपासला. डॉक्टर म्हणाले नस अजून दबलेली नाही, वेळेत आणलंत, सध्या ऑपरेशनची गरज दिसत नाही. सरकारी दवाखान्यातून औषधं फुकट मिळतात, निदान वर्षभर घ्यायची, मध्ये सोडायची नाहीत. छातीचा एक्सरे साफ आहे. आईने पहिल्याच दिवशी ताट-वाटी वेगळी काढली होती, मणक्याचा टीबी असा जेवणातून लागत नाही म्हणून डॉक्टरांनी तिला समजावलं, मग परत मांडणीत ठेवली. ऑर्थोवाली मॅडम, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

ऑर्थोवाली
फार बरं वाटलं. गोळ्या सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे मळमळ, डोळे पिवळे वाटणं असं काही दिसलं तर लगेच सांगा तिथे. नजर धूसर झाली तरी. साखर सांभाळा. अंडी, डाळी, शेंगदाणे भरपूर.

अबोली_वेणी
काका बरे होणार बघ.

नदीकाठ
हो, कालपासून पूर्ण भाकरी खातायत. त्यांना आता वेगळा पट्टा दिलाय, ताठ, पार छातीपर्यंत येणारा, माप घेऊन बनवलेला. बाबांचं डोकं अजून जुन्यातच आहे. नऊशे रुपये दिलेत, दोनदाच बांधलाय, पिशवीपण जपून ठेवलीय, मेडिकलवाला परत घेईल का विचारून ये म्हणतायत.