फुलपँटच्या शिवणीत चिप: आधी सांगायला नको का?

पांदणकर (चर्चेचा धागा काढणारा)

साळ्याच्या लग्नासाठी अमरावतीच्या एका मोठ्या दुकानातून फुलपँट आणली. कमरेत दोन बोटं ढिली, म्हणून गावातल्या शिंपीकाकांकडे टाकली (आमचं गाव दारव्हा तालुक्यात, जिल्हा यवतमाळ). संध्याकाळी आणायला गेलो तर काकांनी पँटच्या आधी एक कागदाची पुडी हातावर ठेवली. "हे पाय बाप्पा, तुह्या पँटीतून ताईत निघाला."

कमरेच्या शिवणीत धुण्याच्या सूचनांच्या पांढऱ्या पट्ट्या असतात ना, त्यांतली शेवटची जरा कडक लागत होती. काकांनी ब्लेडनं टाके उसवले तर आत पारदर्शक फीत, फितीवर नागमोडी गेलेली चंदेरी रेघ आणि मधोमध खसखशीएवढा काळा ठिपका. माझं दारव्ह्याला मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही. आरएफआयडी टॅग. चंदेरी रेघ म्हणजे अँटेना, ठिपका म्हणजे चिप. बॅटरी नसते. वाचणारं यंत्र रेडिओलहरी सोडतं, त्याच लहरींच्या जोरावर चिप क्षणभर जागी होते, आपला नंबर सांगते आणि परत झोपते. गाडीच्या काचेवरचा फास्टॅग याच जातीचा.

चिप असण्याला माझी हरकत नाही. ती लपवण्याला आहे. बाहेर किमतीचा पुठ्ठा लटकत असतो, त्यात लावा की. तो आपण घरी आल्याबरोबर तोडून फेकतो. शिवणीत कशाला? बिल करताना काउंटरवरच्या पोरीनं मोबाइल नंबर विचारला, मीही सवयीनं सांगितला. आता पँटचा नंबर आणि माझा नंबर एकाच बिलावर आले. पुढच्या खेपेला हीच पँट घालून मी त्या दारातून आत शिरलो, तर मी तोंड उघडायच्या आधी कोण आलंय हे त्यांना कळू शकतं. ते असं करतातच, असं मी म्हणत नाही. पण करता येतं, आणि मला न विचारता करता येतं.

तुमचं मत सांगा.

वऱ्हाडी ठेचा

राजेहो, काय लोकं हात तुमी! तुमच्या पँटीत काय हाये हे पाहाले कोन येऊन राह्यलं? अन् गावात चिप कायले पायजे? पानठेल्यावर बसलेले चार जन पुरतेत. परवा मी सासरवाडीहून आलो, यष्टीतून पाय खाली नाई ठेवला तं एकानं इचारलं, "काय मंग, सासऱ्यानं बैल देल्ला का?" त्याले कोन्ती चिप लावली होती?

गोदामवाला

बुटीबोरीला कपड्याच्या गोदामात आठ वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितो.

पांदणकर भाऊ, चिप तुमच्यासाठी नाही हो, मालासाठी आहे. पूर्वी एका खोक्यात चाळीस नग आले की पोरं खोकं फोडायची, एकेक नग काढून बारकोड दाखवायची, परत घडी घालून भरायची. आता बंद खोकं गेटमधून सरकतं आणि पडद्यावर चाळीसच्या चाळीस येतात. अडतीस आले तर तिथल्या तिथे कळतं. पूर्वी ते दोन नग कुणाच्या डोक्यावर फुटायचे माहीत आहे? हमालाच्या. पगारातून कापायचे. मी स्वतः भरलेत.

पुठ्ठ्यात लावा म्हणता, तर पुठ्ठा दुकानात आपोआप तुटतो, ट्रायल रूममध्ये लोक मुद्दाम तोडतात. म्हणून शिवणीत. आणि 'लपवली' हेही पूर्ण खरं नाही. लेबल नीट बघा, कोपऱ्यात कैचीचं चित्र आणि तुटक रेघ असेल. धुण्याआधी कापा, असा त्याचा अर्थ.

अंतराचंही सांगतो. मोकळ्यावर चांगल्या यंत्रानं पाच-सात मीटर. अंगाला चिकटली की त्याहून कमी, कारण माणसाचं अंग पाण्यानं भरलेलं आणि पाणी या लहरी शोषून घेतं. आकाशातून उपग्रह तुमची पँट शोधत नाही. आणि खिशात चोवीस तास फोन असतो, त्याचं काय?

पांदणकर

कैचीचं चित्र बघितलं. आहे. मुगाच्या दाण्याएवढं, सोबत दोन ओळी इंग्रजीत. शिंपीकाकांचं शिक्षण चौथी आणि माझ्या आईला फक्त मराठी वाचता येतं. दाव्यात वापरण्यापुरतं सांगणं वेगळं आणि माणसाला कळावं म्हणून सांगणं वेगळं.

हमालांचं तुम्ही लिहिलंत ते मात्र माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मानलं.

पण मूळ फरक राहतोच. पाच रुपयांचा बिस्किटपुडा घ्या. दारव्ह्यातल्या पुड्यावर जो बारकोड, तोच नागपुरातल्या पुड्यावर. तो फक्त 'बिस्किट' एवढंच सांगतो. या चिपमध्ये प्रत्येक नगाचा नंबर वेगळा. ती 'पँट' म्हणत नाही, 'हीच पँट' म्हणते. आणि फोन मी घरी चार्जिंगला लावून शेतात जाऊ शकतो, पँट घरी ठेवून जाऊ शकत नाही.

हे सगळं माझ्या मनाचं नाही. २००३ मध्ये इंग्लंडात केंब्रिजच्या टेस्को दुकानात दाढीच्या पात्यांच्या पाकिटांना टॅग लावून पाहिले होते. फळीवरून पाकीट उचललं की कॅमेरा उचलणाऱ्याचा फोटो काढायचा. त्याच वर्षी बेनेटननं कपड्यांत अशा चिपा घालायचं ठरवलं, लोकांनी बहिष्काराची हाक दिली आणि कंपनीनं पाय मागे घेतला. २००४ मध्ये जर्मनीत राइनबर्गच्या मेट्रो दुकानात तर मालात नाही, गिऱ्हाइकाला दिलेल्या सवलतीच्या कार्डातच चिप निघाली. कुणाला सांगितलं नव्हतं. बोंब झाल्यावर कार्डं परत घेतली. तिन्ही ठिकाणी लोक ओरडले होते.

कृषी केंद्र, मु. पो. आमचंच

पांदणकर, तुम्ही शहरी लोकांसारखं बोलायला लागले. आपल्याकडे खरा प्रश्न कोणता? बोगस माल. जून महिन्यात माझ्या काउंटरवर उभं राहून पाहा. शेतकरी कपाशीचं पाकीट उलटंपालटं करतो, नखानं कोड खरवडतो आणि विचारतो, "भाऊ, ओरिजनल हाये ना?" माझ्याकडे त्याला दाखवायला त्या कोडशिवाय काय आहे? औषधांचंही तेच. ऑगस्ट २०२३ पासून सरकारनं ३०० औषध ब्रँडांच्या पाकिटांवर कोड सक्तीचा केला, तो खोट्या गोळ्या पकडायला. बियाण्यासाठी 'साथी' पोर्टल आलंय, कोणत्या लॉटचं बी कुठून निघालं ते कळावं म्हणून. फवारणीच्या औषधाचा डबा कुठून आला, कुणाच्या हातून गेला, हे जर पक्कं कळलं असतं तर २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेनं माणसं गेली तेव्हा निदान चौकशीला धागा तरी सापडला असता.

आणि गुप्तता म्हणता तर युरियाची ४५ किलोची गोणी घेताना माझ्याच दुकानात मशीनवर अंगठा देता. तेव्हा कुणी धागा काढला नाही.

वऱ्हाडी ठेचा

कृषी केंद्रवाले भाऊ, अंगठा आमी देतो तं डोये उघडे ठेवून देतो. मशीन समोर असते, तुमी समोर असता. तुमी आमच्या झोपीत अंगठा घेतला असता तं धागा काय, मोर्चा काढला असता.

अन् चोरबीटीवर, म्हंजे सरकारी परवानगी नसलेल्या कपाशीच्या बियान्यावर, काहून बोलत नाई? त्याच्या पाकिटाले कोड नाई, बिल नाई, तरी सप्पा इदर्भात लावतेत. उद्या हरेक पाकिटात तुमची ते चिप आली, तं पयले बोगस कंपनी सापडन का चोरबीटी लावनारा कास्तकार सापडन? मले तं दुसराच सापडीन असं वाटते.

(मी पयले पांदणकरले हासलो होतो. आता बसून इचार करून राह्यलो.)

कृषी केंद्र, मु. पो. आमचंच

चोरबीटीचा विषय इथं नको.

वऱ्हाडी ठेचा

😄

काळा कोट

पुसद कोर्टात वकिली करतो. कायद्याचं थोडक्यात.

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. पण त्यावर बोट ठेवून थेट कापड दुकानदाराला कोर्टात खेचता येईल असं समजू नका, मूलभूत अधिकारांचा रोख मुख्यतः सरकारकडे असतो. दुकानदारासाठी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. त्यात ज्या माहितीवरून माणूस ओळखता येतो, ती वैयक्तिक. नुसता चिपचा नंबर पँटचा, तुमचा नाही. तो तुमच्या मोबाइल नंबरला जोडला, की माझ्या मते तुमचा झाला. मग तुम्हाला कळवणं आणि तुमची संमती घेणं आलं.

म्हणजे सगळी मेख बिलाच्या काउंटरवर आहे. आणि तिथला उपाय फुकट आहे: नंबर देऊ नका. बिलासाठी मोबाइल नंबरची सक्ती करू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं मे २०२३ मध्येच दुकानदारांना सांगितलंय. मी देत नाही. पोरगी म्हणते, "सर, सिस्टिम पुढे जात नाही." मी म्हणतो, "थांबतो मी." दोन मिनिटांत सिस्टिम पुढे जाते.

मास्तरीणबाई

सगळे कंपनी आणि सरकारावर बोलताहेत. मला दुसरंच सांगायचंय.

माझ्या ओळखीतली एक मुलगी, नोकरी करते, रोज स्कूटीनं येजा. ती मधे कुठे थांबली, किती वेळ थांबली, नवऱ्याला घरबसल्या ठाऊक असायचं. बाई दोन महिने शेजारणीवर संशय घेत राहिली. एक दिवस तिच्या मोबाइलवर सूचना आली की एक अनोळखी टॅग तुमच्यासोबत फिरतोय. आम्ही दोघींनी शाळेच्या मागे स्कूटी उभी करून शोधलं. सीटखाली, पाना-पेचकसाच्या रेक्झिनच्या पिशवीत, कापसात गुंडाळलेला, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा. कापूस अशासाठी की खुळखुळू नये. तो कापूस मला विसरता येत नाही. किती विचार करून ठेवला असेल!

ती दुकानातून विकत घेतलेली वस्तू होती, किल्ल्या हरवू नयेत म्हणून मिळते ती. टॅग काढून फेकावा, तर 'का काढला' याचं उत्तर घरी द्यावं लागलं असतं. तिनं तो परत पिशवीत ठेवला. स्कूटी शाळेत उभी करून आता ती बहिणीकडे पायी जाते.

ठेचा भाऊ, पानठेल्यावरचे चार जण बाईमाणसालाही पुरतात. पण ते संध्याकाळी घरी जातात.

गोदामवाला

ताई, वाचून वाईट वाटलं. पण दोन वस्तू एकत्र होऊ नयेत म्हणून सांगतो. तुम्ही लिहिलंत तो ब्लूटूथचा टॅग. त्यात बटणासारखा सेल असतो आणि आजूबाजूनं जाणाऱ्या लोकांचे फोन नकळत त्याचा ठावठिकाणा मालकाला पोहोचवतात. सूचना येते ती त्याचीच. पँटमधल्या चिपला सेल नाही, यंत्र समोर नसेल तर ती मुकी.

मास्तरीणबाई

दादा, फरक समजला. पण तुमच्याच म्हणण्याप्रमाणे, त्या टॅगची निदान सूचना तरी आली. पँटमधली मुकी चिप कधी वाचली गेली हे पांदणकरांना कोण सांगणार?

गोदामवाला

कुणी नाही. हे मान्य.

अजून एक मान्य करतो. या चिपेला कायमचं मारायची आज्ञा तिच्या मूळ नियमांतच आहे, पासवर्ड टाकला की ती पुन्हा बोलत नाही. बिल झालं की काउंटरवरच करता येईल. आठ वर्षांत मी एकाही दुकानात ते करताना पाहिलं नाही. साहेबांना एकदा विचारलं होतं. म्हणाले, परत आलेला माल ओळखायचा कसा?

टिपेश्वरकडचा

आमच्या जंगलातल्या वाघाची आठवण आली. फेब्रुवारी २०१९ मध्ये टिपेश्वरात त्याच्या गळ्यात रेडिओपट्टा बांधला. गडी चालत सुटला, तेलंगण करून बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला, ३००० किलोमीटरहून जास्त. पट्टा नसता तर वाघ शेताशेतातून, नाल्यानाल्यातून एवढा जातो हे कुणाला कळलं असतं? माग ठेवणं म्हणजे नेहमी वाईटच, असं नसतं. कृषी केंद्रवाल्यांच्या बाजूनं माझं मत.

वऱ्हाडी ठेचा

त्या वाघाचा पट्टा एप्रिल २०२० मधे काढला ना भाऊ? काम झालं, काढला. वाघाले जे भेटलं, थे पांदणकरले भेटू द्या.

आमच्या म्हशीच्या कानात पिवळा बिल्ला ठोकला, बारा आकडे. म्हशीले दिसत नाई, पन मले दिसते. बजारात घेनाऱ्यालेई दिसते. पँटीतलं कोनाले दिसते?

पांदणकर

काल अमरावतीला काम होतं, त्या दुकानात जाऊन आलो. काउंटरवरच्या पोरीला चिप दाखवली. तिनं ती हातात घेऊन उजेडात धरली. दोन वर्षं नोकरी करतेय, पहिल्यांदा बघत होती. मॅनेजरला बोलावलं. तो चांगला माणूस निघाला, म्हणाला, "सर, आम्ही फक्त मोजणीला वापरतो." मी म्हटलं, मग दारात मराठीत एक पाटी लावा, आणि ज्याला नको त्याची काउंटरवर कापून द्या. म्हणाला, वर कळवतो.

आता रोज काकांकडे उसवायला येणारी प्रत्येक नवी पँट आधी चाचपली जाते. दोऱ्याच्या रिळांच्या डब्यात चार चिपा जमल्यात.

वऱ्हाडी ठेचा

गोदामवाले भाऊ, एक इचारतो. माह्या पोट्ट्याच्या जॅकिटात तसंच कडक लागून राह्यलं. जॅकीट त्याले ढिलं होते, वापस कराचा इचार हाये. कैची लावली तं दुकानदार वापस घेईन का?

गोदामवाला

बिल असेल तर बहुतेक घेतात. पण चिप तुटलेला माल आमच्याकडे वेगळ्या खोक्यात पडतो आणि दुकानदाराला आमच्याकडून चार प्रश्न येतात, म्हणून तो कुरकुर करेल.

वऱ्हाडी ठेचा

मंग शनवारी वापस करून येतो. तवर खुटीले टांगून ठेवतो, आंगात नाई घालू देत.